साताऱ्यात एक रात्र राहा: आमची वाटचाल

आमचा धंदा कासच्या फुलांनी उभा केला. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कास पठारही जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि यवतेश्वरच्या घाटात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागली. घरी एक जीप होती. ती आम्ही एसटी स्टँडवरून कासला सोडायला लागलो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिला उसंत नसायची. दिवाळीनंतर तीच जीप पुन्हा लग्नाची वऱ्हाडं वाहायची.

पाहुणे सकाळी यायचे, तेरडा-सोनकीत फोटो काढायचे, कंदी पेढे घ्यायचे आणि संध्याकाळच्या आत पुणं गाठायचे. सातारा पाहिला म्हणायचे! आम्हाला ते खटकायचं. धंद्यालाही परवडणारं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

मग आम्ही परतीच्या वाटेवर लिंबची बारामोटेची विहीर दाखवायला सुरुवात केली, सुरुवातीला फुकटच. 1719 ते 1724 या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. वरून बघाल तर शेतातली एक मोठी विहीर, एवढंच. पायऱ्या उतरून आत गेलं की दगडी कमानी, कोरीव शिल्पं आणि पाण्याच्या वर चक्क छोटा महाल! तिथे आमच्या माणसाला फार बोलावं लागत नाही. गटात एखादे आजोबा असतातच. मोट म्हणजे काय, नाडा कशाला म्हणतात, बैल धावेवरून उतरताना पाणी थारोळ्यात कसं पडतं, हे ते नातवंडांना हातवारे करून सांगतात. आमच्या सगळ्या सहलीत लोक सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात ते इथेच. कासपेक्षाही, असं माझं मत. गावातले काही जण भांडतील.

विहिरीनंतर मुक्कामाची सहल जमली. पहाटे अजिंक्यतारा. गाडीरस्ता आहे, तरी आम्ही चालतच नेतो, कारण निम्मं सातारा त्या वेळी तिथे फिरायला आलेलं असतं. याच गडावर जानेवारी 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढे पायथ्याला शहर वसलं. वरून पेठा दिसतात, समोर यवतेश्वर, पलीकडे सज्जनगड. दुपारी संगम माहुली: कृष्णा-वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं देऊळ. राज्यकर्त्यांच्या समाध्यांइतकीच गर्दी शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याच्या समाधीपाशी होते.

2020 मध्ये गाड्या दारात उभ्या राहिल्या. हप्ते थांबले नाहीत. 2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं इथल्या संग्रहालयात आली, तेव्हा शाळांच्या सहलींनी बराच हात दिला.

आता कास आमच्या वर्षाचा लहान भाग आहे. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी आम्ही तिथे जातच नाही. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर, त्यात पायाखाली फुलं तुडवणारी गर्दी. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. मधल्या वारी या, नाहीतर दुसरं काही बघा, असं फोनवरच सांगतो. काही गिऱ्हाइकं तुटतात.

पावसाळ्यात ठोसेघर असतं. जुलैत कधी कधी इतकं धुकं येतं की धबधबा नुसता ऐकू येतो. हे आगाऊ रक्कम घेण्याआधी सांगून टाकतो. अजून कुणी त्याचे पैसे परत मागितले नाहीत, गरम भज्यांची दुसरी प्लेट मात्र सगळेच मागवतात.