राख एक दिवस आधी पडली

१९४३ सालच्या मार्च महिन्यात मुरगाव बंदरात जर्मन जहाजे जळाली, तेव्हा माझी आजी लग्न होऊन वास्कोत नुकतीच आली होती. पुढे कधीही तो विषय निघाला की ती दोनच गोष्टी सांगत असे. पहाटे ती मागील दारी आली तेव्हा बंदराच्या बाजूचे आभाळ तांबडे झाले होते, आणि शेजारची ख्रिस्ती म्हातारी गळ्यातला क्रूस मुठीत धरून म्हणत होती की यंदा राख एक दिवस आधीच पडली. लहानपणी मला या वाक्याचा अर्थ कळला नव्हता. ती जहाजे कोणाची, ती कोणी पेटवली आणि का, हे आजीलाही ठाऊक नव्हते, आणि त्या काळच्या वास्कोत ते विचारण्याची सोयही नव्हती.

त्या रात्रीची गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली ती 'द सी वुल्व्ज' या इंग्रजी चित्रपटाने. १९८० साली प्रदर्शित झालेला, अँड्र्यू मॅकलॅग्लन यांनी दिग्दर्शित केलेला आणि बराचसा गोव्यातच चित्रित झालेला हा युद्धपट आमच्या घरी भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर आला होता. त्यानंतर तो मी किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. गेल्या पावसाळ्यात बाबांबरोबर तो पुन्हा पाहिला आणि तेव्हाच ठरवले की यातले खरे किती आणि रचलेले किती, हे एकदा नीट लिहून काढायचे.

मूळ घटना थोडक्यात अशी आहे. १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा 'एहरेनफेल्स', 'ब्राउनफेल्स' आणि 'ड्राखेनफेल्स' या जर्मन मालवाहू जहाजांनी तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातील मुरगाव बंदराचा आसरा घेतला. 'आन्फोरा' हे इटालियन जहाजही पुढे तेथेच अडकून राहिले. 'एहरेनफेल्स'वर दडवलेल्या प्रक्षेपकावरून पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांची खबर जाते, असा ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा निष्कर्ष होता. तटस्थ बंदरात नौदल धाडणे शक्य नव्हते, म्हणून लेफ्टनंट कर्नल लुईस प्यू यांनी कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी स्वयंसेवक पलटणीतले १४ जण आणि कलकत्ता स्कॉटिशचे ४ जण गोळा केले. गाळ वाहून नेणारे 'फिबी' नावाचे संथ बार्ज कलकत्त्याहून द्वीपकल्पाला वळसा घालून आले, मंडळी रेल्वेने कोचीनला पोहोचून त्यावर चढली, आणि ८ व ९ मार्चच्या दरम्यानच्या रात्री त्यांनी 'एहरेनफेल्स'वर चाल केली. जहाजाचा कप्तान रोफर आणि त्याचे काही खलाशी मारले गेले. हल्लेखोरांपैकी कोणीही दगावले नाही.

आता चित्रपटाकडे वळतो. रॉजर मूर यांनी रंगवलेल्या, प्यूंचा साथीदार असलेल्या गॅव्हिन स्ट्युअर्टला भुरळ घालणारी ती देखणी हेर स्त्री निव्वळ कल्पनेतली आहे. तिच्यावर खर्च झालेली मिनिटे मला आजही अनाठायी वाटतात, कारण खरा प्रसंग तिच्यावाचूनही पुरेसा थरारक होता. १९४२च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास खरे प्यू आणि खरे स्ट्युअर्ट स्वतः पणजीत येऊन एका जर्मन हेराला त्याच्या बायकोसह उचलून घेऊन गेले होते. त्यापुढे बनावट प्रेमकथेची गरज काय होती? शेवटच्या चढाईत गोळीबार आणि स्फोटांनी पडदा भरून जातो, पण प्रत्यक्षात बंदरातला बहुतेक विध्वंस जर्मनांनी स्वतःच्या हातांनी केला. जहाज शत्रूच्या हाती पडू नये म्हणून 'एहरेनफेल्स'च्या खलाशांनी झडपा उघडून समुद्राचे पाणी आत घेतले, आणि ते बुडताना पाहून बाकीच्या जहाजांनीही तोच मार्ग पत्करला. ज्या जहाजाला ओढून नेण्याचा बेत होता ते बंदरातच तळाशी गेले. ब्रिटिशांनी यश म्हणून जे मिरवले त्यात शत्रूच्या हट्टाचा वाटा मोठा होता, आणि एवढा नाट्यमय विरोधाभास पटकथेने हातचा घालवला याची मला मनापासून खंत वाटते.

त्याहून गंभीर प्रश्न परिणामाचा आहे. या छाप्यामुळे हिंदी महासागरातील जहाजांची बुडवाबुडव एकदम थांबली, असा दावा १९७८ साली जेम्स लीझर यांच्या पुस्तकातून पुढे आला आणि चित्रपट त्याच पुस्तकावर आधारलेला आहे. परंतु १९४३च्या आरंभी ज्या जर्मन पाणबुड्यांनी त्या महासागरात हाहाकार माजवला होता, तो 'सीहुंड' नावाचा गट दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत काम करत होता, म्हणजे मुरगावपासून हजारो किलोमीटर दूर. इंधन व टॉर्पेडो संपत आल्यावर त्या पाणबुड्या आपल्या तळाकडे परतू लागल्या, आणि बुडणाऱ्या जहाजांचा आकडा उतरला. छापा आणि ही उतरण एकाच महिन्यात घडली, एवढ्यावरून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. ज्या माणसांनी जीव धोक्यात घातला त्यांना मी कमी लेखत नाही. त्यांना हे कळण्याचा काही मार्गच नव्हता.

मग इतक्या चुका असूनही चित्रपट टिकला कशामुळे? माझ्या मते वयामुळे. ग्रेगरी पेक त्या वेळी साठीच्या पुढे, ट्रेव्हर हॉवर्ड पासष्टीच्या पुढे, डेव्हिड निव्हन सत्तरीला टेकलेले. त्या मानाने तरुण दिसणारे रॉजर मूरसुद्धा पन्नाशी ओलांडलेले. खरे लाइट हॉर्सवाले यांच्याहून काहीसे लहान होते हे मान्य आहे, तरी ते चहा, ताग आणि बँकांच्या कचेऱ्यांत बसून सुटलेली पोटे घेऊन फिरणारे संसारी लोक होते, ज्यांच्या पलटणीने बोअर युद्धानंतर प्रत्यक्ष लढाई पाहिली नव्हती. कवायतीत धापा टाकणारी, गुडघे धरून खाली बसणारी ही म्हातारी मंडळी पाहताना जे पटते, ते तरण्याबांड नटांकडून कधीच पटले नसते. निव्हन तर १९३९ साली हॉलिवूड सोडून ब्रिटिश सैन्यात परत गेलेले आणि नॉर्मंडीपर्यंत पोहोचलेले गृहस्थ. बार्जच्या कठड्याला टेकून अंधारात पाहण्याची त्यांची जी पद्धत आहे, ती त्यांना कोणी शिकवावी लागली असेल असे वाटत नाही. या कामगिरीबद्दल कोणाला पदक मिळाले नाही, की पस्तीस वर्षे तोंड उघडण्याची मुभा नव्हती. ते मौनही या चेहऱ्यांवर शोभते.

जे खटकते ते मात्र आमच्याबद्दल आहे. कथा गोव्यात घडते, पण गोमंतकीय माणूस त्यात हमाल, वाढपी किंवा गर्दी म्हणूनच येतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सेन्सॉरखाली जगणारा, ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने बाहेरचा तांदूळ आटला म्हणून ताटातला भात मोजून खाणारा, रोजच्या रस्त्यात जर्मन खलाशांना पाहणारा हा समाज चित्रपटाला दिसतच नाही. ती जहाजे साडेतीन वर्षे बंदरात उभी होती, म्हणजे तेवढ्या काळात त्या खलाशांचे किराणा दुकानदार, शिंपी, धोबी सगळे इथलेच असणार. माझ्या आजोबांचा धंदा दुकानाचा होता, आणि जर्मन खलाशी बिस्किटे व साबण घेऊन पैसे चोख मोजत, एवढे ते सांगत. त्या घासाघिशीत जेवढे युद्ध होते, तेवढे मला पडद्यावर पाहायला आवडले असते.

पोर्तुगालच्या तटस्थतेचा पेचही चित्रपट वरवर हाताळतो. डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन व डच सैन्य पोर्तुगीज तिमोरमध्ये उतरले तेव्हा लिस्बनने कडक निषेध नोंदवला होता. दुसरीकडे १३७३ सालापासूनच्या मैत्रीच्या कराराचा आधार घेऊन ब्रिटिशांना अझोरेस बेटांवर तळ हवा होता, आणि तो त्यांना ऑक्टोबर १९४३ मध्ये मिळाला. त्यामुळे मुरगावात ब्रिटिश गणवेश दिसला असता तर फार मोठे काही हातचे गेले असते, आणि हौशी म्हाताऱ्यांना पुढे करण्यामागचे खरे कारण हेच होते. त्याच ऑक्टोबरात, त्याच बंदरात, 'ग्रिप्सहोम' आणि 'तेइया मारू' या जहाजांवरून आलेल्या हजारांहून अधिक अमेरिकी व जपानी नागरिकांची अदलाबदल झाली. त्यावर कोणी चित्रपट काढला नाही.

आजीच्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. १९४३ साली ईस्टर २५ एप्रिलला होते, म्हणजे राखेचा बुधवार, ज्या दिवशी ख्रिस्ती लोक कपाळाला राख लावून ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू करतात, तो १० मार्चला, आणि जहाजे जळाली ती मंगळवारी, ९ मार्चच्या पहाटे, इंत्रुजाच्या म्हणजे गोव्यातल्या कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी. खलाशांना जहाजांवरून किनाऱ्यावर काढण्यासाठी ब्रिटिशांच्या हस्तकाने मेजवानीची व्यवस्था केली होती हे लीझर यांच्या पुस्तकातही आहे, आणि इंत्रुजाच्या गडबडीत तिचा कोणाला संशय येणार? म्हातारीने म्हटलेला तो एक दिवस अगदी बरोबर होता, आणि आजीने तिचे शब्द पन्नास वर्षे जसेच्या तसे जपले होते. पुस्तके वाचून आणि चित्रपट पाहून मी जे जुळवत होतो, ते त्या एका वाक्यात पूर्वीच जुळलेले होते.

बाबांनी त्या दिवशी चित्रपट तीनदा थांबवला. बंदरात नोकरी केलेला माणूस, त्यामुळे त्यांना गोळीबारात रस नव्हता. पाण्यावरून कॅमेरा किनाऱ्याकडे वळतो तेथे ते थांबत, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ जात, आणि बोटाने दाखवत, "हे बघ, इकडे अजून घरे झालेली नाहीत. हा उतार मोकळाच होता, आम्ही इथून सरळ खाली धक्क्यावर जात असू." तिसऱ्यांदा त्यांनी बोट उचलले नाही. डोंगराच्या कडेला झाडांच्या आड कौलांची एक तांबूस पट्टी होती, ती आमच्या जुन्या घराची असावी असे त्यांना वाटत होते, आणि मी चित्र पुढे सरकवू नये म्हणून त्यांनी रिमोट स्वतःच्या हातात घेतला.