बारा संघांचा पहिला हंगाम

क्रोएशियातल्या स्प्लिटला पोचल्यावर आधी रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा बघायचा, हे घरूनच ठरलेलं. पण बस सोडून पन्नास पावलं चाललो नाही तोच भिंतीवर इथल्या हायदुक फुटबॉल क्लबचं चिन्ह दिसलं, लाल-पांढऱ्या चौकटींचं. मग ते सुटेचना. गल्लीत, जिन्यात, विजेच्या पेट्यांवर, सगळीकडे हायदुक. मी कोल्हापूरचा, पेठेच्या संघावर जीव टाकणारी माणसं बघत वाढलोय. राजवाडा राहिला बाजूला.

आमचे घरमालक सत्तरी ओलांडलेले. इथे वडीलधाऱ्या माणसाला 'बार्बा' म्हणतात, आपल्या काकांसारखं. त्यांची मुलगी इंग्रजीतून सांगत होती, पण सामन्यांबद्दल बोलताना बार्बांचे हातच इतके बोलत होते की निम्मं तसंच कळलं. तेच मला हायदुकच्या पोल्युद स्टेडियमवर घेऊन गेले. शिंपल्यासारखं उघडलेलं छत, मागे समुद्र.

४ मे १९८० ला ते इथेच होते. क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता. बेलग्रेडच्या रेड स्टारशी सामना चालू होता, ४१व्या मिनिटाला खेळ थांबवून युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष टिटो गेल्याची बातमी सांगितली गेली. खेळाडू मैदानावरच रडले. बार्बाही रडले होते. हे त्यांनी अजिबात न लपवता सांगितलं.

अकरा वर्षांनी, ८ मे १९९१ ला, युगोस्लाव्ह चषकाचा अंतिम सामना राजधानी बेलग्रेडला झाला. समोर तोच रेड स्टार, तीनच आठवड्यांत युरोपचा विजेता होणारा. बोक्शिचच्या गोलवर हायदुक १-० ने जिंकला. तो चषक बेलग्रेडला परत गेलाच नाही. जूनमध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युद्ध पेटलं. सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅमविरुद्धचा 'घरचा' सामना हायदुकला ऑस्ट्रियातल्या लिंझला खेळावा लागला.

आणि तरीही १९९२ च्या फेब्रुवारीअखेर क्रोएशियाची स्वतःची लीग सुरू झाली. बारा संघ, जूनपर्यंत हंगाम संपलासुद्धा. डुब्रोव्हनिकला वेढा पडलेला होता, तरी त्या शहराचा संघ लीगमध्ये होता. युद्धाच्या आघाडीजवळच्या ओसियेक आणि विंकोवत्सीच्या संघांना घरचे सामने दुसऱ्या गावी नेऊन खेळावे लागले. मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे. ज्या गावात सामना भरवता येत नाही, त्या गावाचं नाव दर आठवड्याला गुणतक्त्यात छापून येतंय!

हायदुक पहिला विजेता ठरला. मी विचारलं, तेव्हा आनंद केवढा झाला असेल? बार्बा जरा थांबले. आनंद झालाच, म्हणाले, देश आपला, लीग आपली. पण बेलग्रेडला जाऊन जिंकण्याची चव त्या लीगमध्ये नव्हती, आणि तेव्हा हे मोठ्याने बोलायची सोयही नव्हती. मला ते पटलं. स्वातंत्र्य हवंच होतं त्यांना, फक्त जुना प्रतिस्पर्धीही त्यासोबतच गेला.

परतताना ते त्या बारा संघांची नावं बोटांवर मोजू लागले. हायदुक, झाग्रेब, रियेका, ओसियेक, झादर, शिबेनिक... अकरावर अडले. मुलीने फोन काढला, त्यांनी हातानेच नको म्हटलं. बोलणं बंद, चालणं चालू. घराच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एकदम वळले.

"इंकर! झाप्रेशिचचा इंकर!"