एक भोक खाली

तीन आठवडे डोकं खाल्लं या बोटीने. मांडव्याची आमची डबल इंजिनाची स्पीडबोट. दोन्ही थ्रॉटल सारखे पुढे, तरी उजवं इंजिन 5600 आरपीएमवर आणि डावं 6000 च्या वर किंचाळतंय. वेग मात्र 31 नॉटच्या पुढे सरकेना. वळणावर तर डावं नुसतंच ओरडायचं.

पंख्याचा (प्रोपेलरचा) पिच 17 इंच, म्हणजे एका फेरीत हिशेबाने तेवढं पुढे जायचं; गिअर रेशो 2:1, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक. 5600 ला हिशेबाने 39 नॉट व्हायला हवेत. म्हणजे उजव्याचा आकडा धरला तरी वीस टक्के स्लिप, म्हणजे हिशेबापेक्षा तेवढा वेग कमी! दहा-पंधरा असती तर मी ब्रही काढला नसता.

आधी संशय पंख्याच्या रबर बुशवर; पंखा शाफ्टला धरणारा हा बुश घसरतोय की काय. बुशवरून पंख्यापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली, फेरी मारून आलो. रेघ जागच्या जागी, म्हणजे बुश घसरत नव्हता. (नव्या पंख्याचे पैसे वाचले, हे घरी सांगितलेलं नाही.)

मग तांडेलमामा मागे वाकून बघत म्हणाले, "अरे, डावं वर बसलंय रे!" पट्टी लावली. कॅव्हिटेशन प्लेट (पंख्याच्या लगेच वरची आडवी प्लेट) उजव्यापेक्षा पाऊण इंच वर, म्हणजे इंजिन बसवायच्या बोल्टांचं बरोबर एक भोक. मागे सर्व्हिसिंगला इंजिन उतरवलं होतं, तेव्हा बोल्ट चुकीच्या भोकात मारलेले. पंखा पाण्याऐवजी हवा ओढत होता.

चेनपुली, चार बोल्ट, सीलंट. संध्याकाळी भरतीला बोट पाण्यात. दोन्ही काटे 5600 वर, जीपीएसवर 35. मामांनी काही न बोलता तंबाखू मळायला घेतली.