होबी बेकर आणि रिंक नसलेली टीम

होबी बेकर ज्या टीमचा कॅप्टन होता त्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीच्या १९१३-१४ च्या आइस हॉकी टीमची पहिली गंमत म्हणजे या टीमकडे मॅच खेळायला स्वतःची रिंकच, म्हणजे बर्फाचं मैदानच, नव्हती. न्यू जर्सीत थंडी पडत नाही असं नाही, जानेवारीत इथे काय हालत होते ते आम्ही दरवर्षी भोगतो, पण या थंडीचा भरवसा नाही हो, चार दिवस हाडं गोठवणारा गारठा आणि पाचव्या दिवशी पाऊस, की तळ्यावरचा बर्फ पिचपिचीत झाला आणि प्रॅक्टिस बोंबलली. कॉलेजच्या खालच्या अंगाला कार्नेगी लेक आहे, तो अँड्र्यू कार्नेगीने, म्हणजे स्टीलवाल्या कार्नेगीने, पैसे देऊन १९०६ मध्ये बांधून दिला, तोही रोइंगसाठी, म्हणजे बोटी वल्हवण्याच्या शर्यतींसाठी. तेव्हा युनिव्हर्सिटीचे प्रमुख होते वुड्रो विल्सन (हो तेच, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले), त्यांना खरं तर शिक्षणासाठी पैसे हवे होते आणि ते कार्नेगीला म्हणाले म्हणे की आम्हाला भाकरी पाहिजे होती, तुम्ही केक दिलात. असो, केक गोठला की पोरं त्यावर स्केटिंग करायची.

पण खरी मॅच खेळायची तर न्यूयॉर्क. ६६ व्या रस्त्यावर कोलंबस अव्हेन्यूपाशी, म्हणजे आज जिथे लिंकन सेंटर आहे त्याच्या अगदी जवळ, सेंट निकोलस रिंक होती, १८९६ पासूनची, मशीनने बर्फ गोठवणारी. प्रिन्स्टनचं 'होम' ग्राउंड तेच, घरापासून पन्नास मैलांवर! कॉलेजपासून प्रिन्स्टन जंक्शनला जाणारी छोटी ट्रेन आहे, तिला सगळे डिंकी म्हणतात, ती तेव्हाही होती आणि आजही आहे. जंक्शनवरून पुढे न्यूयॉर्कची गाडी, आणि पेन स्टेशन १९१० मध्ये सुरू झाल्यामुळे थेट मॅनहॅटनमध्ये उतरता यायचं, नाहीतर त्याआधी जर्सी सिटीला उतरून बोटीने नदी ओलांडा. आज याच लाइनवर सकाळी आपली अर्धी देसी जनता लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन पेंगत असते, प्लेन्सबरो आणि वेस्ट विंडसरची मराठी मंडळी तर विचारूच नका, आणि शंभरेक वर्षांपूर्वी याच रुळांवरून कॉलेजची पोरं काठ्या आणि स्केट्स घेऊन मॅच खेळायला जात होती.

आता त्या वेळची हॉकी कशी होती ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय होबी बेकर हे प्रकरण कळत नाही. आज बर्फावर गोलकीपर धरून सहा जण असतात, तेव्हा सात असायचे. गोलकीपर, त्याच्यापुढे पॉइंट, त्याच्यापुढे कव्हर पॉइंट (म्हणजे दोन डिफेन्सवाले आजच्यासारखे शेजारी-शेजारी नाही, एकामागे एक), मग सेंटर, दोन विंगर, आणि सातवा रोव्हर. रोव्हर म्हणजे मोकाट सोडलेला माणूस, त्याला ठरलेली जागा नाही, वाटेल तिथे जा. कॅनडात प्रोफेशनलवाल्यांनी १९११ मध्येच सातवा माणूस काढून टाकला होता पण अमेरिकन कॉलेजं अजून सातच खेळवत होती. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, आणि आज दर पाऊण मिनिटाला सगळी लाइन (पुढे खेळणाऱ्यांची तुकडी) बदलते तसलं काही नाही, उतरले ते सात जणच बहुतेक वेळ मरमर धावणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढे पास द्यायला बंदी. पक (बॉलच्या जागी असते ती चपटी रबरी चकती) बाजूला द्या, मागे द्या, पुढच्या माणसाला द्यायचा नाही.

मग पुढे जायचं कसं? एकाने पक घेऊन स्वतःच घुसायचं. मला हे वाचल्यावर सरळ कबड्डीच आठवली, सातची टीम आणि एक जण चढाईला समोरच्या सगळ्यांच्या अंगावर! तर असल्या नियमात ज्याचे पाय सगळ्यात जोरात पळतात आणि ज्याला खाली न बघता पक काठीला चिकटवून ठेवता येतो तो राजा. होबी बेकर असा होता आणि तो रोव्हर खेळायचा. त्याची स्टाइल म्हणजे आधी स्वतःच्याच गोलच्या मागे जायचं, तिथून वळसा घेत स्पीड पकडायचा आणि मग पूर्ण रिंक कापत सुटायचं. तो गोलमागे गेला रे गेला की पब्लिक उभं राहायचं आणि 'आला, आला' करून ओरडायला लागायचं. माझं आपलं मत असं की हाच माणूस वीस वर्षांनी, पास पुढे द्यायची मुभा मिळाल्यावर जन्मला असता तर चांगला प्लेअर झाला असता पण दंतकथा झाला नसता. फॅन लोक चिडतील, चिडू दे.

पूर्ण नाव होबार्ट एमोरी हेअर बेकर, जन्म १८९२, फिलाडेल्फियाला लागून असलेल्या बाला सिनविडचा. आईवडील वेगळे झाले आणि अकरा वर्षांच्या होबीला आणि त्याचा भाऊ थॉर्नटनला न्यू हॅम्पशायरमधल्या सेंट पॉल्स या बोर्डिंग शाळेत पाठवलं. तिथे तळी गोठतात ती खरोखर गोठतात. हा पोरगा रात्री अंधारात एकटा तळ्यावर जाऊन स्केटिंग करायचा, पक दिसतच नाही त्यामुळे काठीला लागतोय की नाही हे हातालाच कळलं पाहिजे. खाली न बघता खेळायची सवय त्याला तिथे लागली.

नंतर १९०७ मध्ये अमेरिकेत बँका गडगडल्या, त्यात वडिलांचे पैसे बुडाले, आणि दोन मुलांना कॉलेजला घालणं परवडेना. होबी शाळेतच एक वर्ष जास्त राहिला आणि थॉर्नटनने कॉलेजच सोडून दिलं, होबी जाऊ दे म्हणाला. ही गोष्ट होबीबद्दलच्या लेखांमध्ये एका वाक्यात उरकलेली असते आणि मला त्याचा राग येतो. आपल्याकडे प्रत्येक खानदानात असा एक काका किंवा मामा असतो ना, ज्याने धाकट्याच्या किंवा हुशार भावाच्या शिक्षणासाठी स्वतःचं थांबवलं, आणि लग्नकार्यात ज्याचं नाव शेवटी घेतात? तर तो हा थॉर्नटन.

१९१० मध्ये होबी प्रिन्स्टनला आला. फर्स्ट इयरवाल्यांना मेन टीममधून खेळता येत नव्हतं, म्हणून त्याचे सीझन तीनच. १९१२ मध्ये प्रिन्स्टन कॉलेजांमध्ये चॅम्पियन, मधलं वर्ष गेलं, आणि १९१४ मध्ये तो कॅप्टन असताना परत चॅम्पियन. कॉलेजचा नियम होता की एका माणसाने दोनच खेळ खेळायचे, त्याला बेसबॉलही येत होतं पण त्याने फुटबॉल आणि हॉकी निवडले आणि शेवटच्या वर्षी दोन्हींचा कॅप्टन! फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल, तेही हेल्मेट न घालता, डोक्यावर पिवळेधमक केस, त्यामुळे स्टेडियममध्ये लांबूनही ओळखू यायचा.

पण त्या सीझनची जी मॅच मला सगळ्यात भारी वाटते ती प्रिन्स्टन हरलं. २४ जानेवारी १९१४, बॉस्टन अरिना, समोर हार्वर्ड. अरिना तेव्हा जेमतेम चार वर्षांची. वेळ संपली तेव्हा १-१. मग ओव्हरटाइम, जो आधी गोल मारेल तो जिंकला. आता विचार करा, लाइन बदलणं नाही, आधीच पूर्ण मॅच खेळून झालेली, आणि प्रिन्स्टनचा सगळा खेळ एका माणसाच्या पायांवर, आणि तो माणूस परत परत स्वतःच्या गोलमागे जाऊन चढाई करतोय. हार्वर्डकडे माणसं जास्त होती. जिंकवणारा गोल मारला तो त्यांच्या बदली खेळाडूने, लेव्हरेट सॉल्टनस्टॉलने. ताज्या पायांचा माणूस आला आणि दमलेल्यांमध्ये गोल मारून गेला, २-१, खेळ खल्लास. हा सॉल्टनस्टॉल पण काय अवली माणूस, त्याच वर्षी इंग्लंडला हेन्लीच्या रोइंग स्पर्धेत हार्वर्डच्या बोटीचा कॅप्टन म्हणून कप जिंकला आणि पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर, मग बावीस वर्षं सिनेटर.

होबीला त्याच्या सगळ्या कॉलेज करिअरमध्ये पेनल्टी (फाउल केला म्हणून थोडा वेळ बाहेर बसायची शिक्षा) फक्त एकदा मिळाली असं सांगतात. मॅच संपली की समोरच्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन प्रत्येकाशी हात मिळवायचा, जिंकला तरी, हरला तरी. आता यावर फार भाळूनही जाऊ नका, तो काळ असा की हे सगळे श्रीमंतांचे खेळ, पैशासाठी खेळणं म्हणजे हलकं काम, आणि सेंट निकोलसला येणारं पब्लिकही न्यूयॉर्कचं उच्चभ्रू, गाड्यांची रांग लावून उतरणारं. सभ्यपणा दाखवायची तिथे फॅशनच होती. पण होबीला मात्र स्वतःच्या नावाचा गवगवा मनापासून नकोसा व्हायचा असं दिसतं. कॉलेजनंतर तो सेंट निकोलस क्लबकडून खेळायला लागला तेव्हा रिंकवाल्यांनी दारावर पाटी लावली, 'आज रात्री होबी बेकर खेळणार', आणि हा गेला मॅनेजरकडे, पाटी काढा म्हणाला. टीम खेळते ना, मी एकटा थोडाच खेळतो. (नियमांमुळे तो जवळजवळ एकटाच खेळत होता हा भाग वेगळा.)

पुढचं पटकन सांगतो. जे. पी. मॉर्गनच्या बँकेत नोकरी, तिथे जीव रमेना, मग विमानं उडवायला शिकला, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेला, शेवटी १४१ नंबरच्या स्क्वॉड्रनचा कमांडर, आणि तिथल्या विमानांना प्रिन्स्टनचे केशरी-काळे रंग. युद्ध संपलं, घरी जायची ऑर्डर हातात आली, आणि २१ डिसेंबर १९१८ ला फ्रान्समधल्या तूल गावाजवळ, दुरुस्त करून आणलेलं विमान टेस्ट करतो म्हणून वर गेला, इंजिन बंद पडलं आणि खाली कोसळला. सव्वीस वर्षांचा होता. १९४५ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये पहिल्या बॅचला घेतलं, त्यात अमेरिकन हा एकटाच. १९८१ पासून अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज हॉकी प्लेअरला त्याच्या नावाचं अवॉर्ड देतात.

आणि प्रिन्स्टनला रिंक मिळाली १९२३ मध्ये, त्याच्याच नावाची. वर्गणीत हार्वर्ड आणि येलच्या लोकांनीही पैसे घातले होते, हे मला अवॉर्डपेक्षा मोठं वाटतं, ज्यांच्या विरुद्ध खेळला त्यांनी खिशात हात घातला. दगडी बिल्डिंग आहे, आजही टीम तिथेच खेळते. हार्वर्ड किंवा येल येणार असेल त्या दिवशी जा, मजा वेगळीच असते, फक्त जाड जॅकेट आणि टोपी विसरू नका, आतमध्ये बाकड्यावर बसून बसून बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी वाजते आणि पोरं पहिल्या ब्रेकलाच हॉट चॉकलेटसाठी मागे लागतात.