स्वयंभू गंधार आणि नऊ आवाजांची चिप

आमच्या घरी १९९६ साली पहिला संगणक आला. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात सुटे भाग निवडून जुळवून घेतलेला तो ४८६ या प्रोसेसरचा होता, आणि त्यात एक साउंड कार्ड बसवलेले होते. पहिले दोन दिवस कार्डातून काहीच ऐकू आले नाही, कारण कार्ड आणि प्रिंटर दोघांनाही इंटरप्ट सात, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्याची एकच ओळ, हवा होता. तिसऱ्या दिवशी कार्डाला इंटरप्ट पाच दिला आणि एका खेळाचे सुरुवातीचे संगीत खोलीभर वाजले. त्याआधी आमच्या घरात एकच वाद्य होते, ते म्हणजे आईचा मिरजेचा तानपुरा. त्या दिवशी घरात दुसरे वाद्य आले, हे कळायला मात्र मला पुढे बरीच वर्षे लागली. टेपवर गाणे भरलेले असते तसे ते संगीत संगणकात कुठेतरी भरून ठेवलेले असेल आणि कार्ड ते केवळ ऐकवत असेल, अशीच माझी समजूत होती.

खरे तर तसे करणे त्या काळी परवडण्याजोगेच नव्हते. सीडीच्या दर्जाचे एक मिनिटाचे संगीत साठवायला सुमारे साडेदहा मेगाबाइट जागा लागते. ही कार्डे पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा, म्हणजे १९८०च्या दशकाच्या अखेरीस, संपूर्ण हार्ड डिस्कच वीस ते चाळीस मेगाबाइटची असे आणि खेळ फ्लॉपीवर मिळत. त्यामुळे संगीताऐवजी संगीताची नोटेशन साठवली जाई : कोणता स्वर, कोणत्या वाद्यात, केव्हा सुरू करायचा आणि केव्हा सोडायचा. एवढी माहिती काही किलोबाइटांत मावते. प्रत्यक्ष आवाज निर्माण करण्याचे काम कार्डावरची चिप त्या त्या क्षणी करत असे. म्हणजे आपण ऐकत होतो ते ध्वनिमुद्रण नव्हतेच, ते वादन होते.

आयबीएमच्या मूळ पीसीमध्ये एक छोटा स्पीकर तेवढा असे, आणि टायमरच्या चिपच्या साहाय्याने त्यातून एका वेळी एकच चौकोनी लहर काढता येई. तिचा जोर कमीजास्त करण्याचीही सोय नव्हती. १९८७ साली कॅनडातल्या क्युबेक शहरातल्या अ‍ॅडलिब या कंपनीने हे चित्र बदलले. तिचे संस्थापक मार्तिन प्रेव्हेल हे लाव्हाल विद्यापीठात संगीताचे प्राध्यापक होते. त्यांच्या कार्डाचे मर्म म्हणजे यामाहाची वायएम ३८१२ ही चिप, जी ओपीएल२ या नावाने ओळखली जाते. हिच्यात एकाच वेळी नऊ स्वर वाजू शकत, आणि प्रत्येक स्वर केवळ दोन लहरींपासून घडवलेला असे.

दोन लहरींपासून बासरी, व्हायोलिन आणि तुतारी कशी होते, याचे उत्तर १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना सापडले. स्वराला दिलेले आंदोलन अधिकाधिक जलद आणि अधिकाधिक मोठे करत गेले तर काय होते, हे ते संगणकावर तपासत होते. सेकंदाला पाच-सहा वेळा हलणारा स्वर आपल्याला आंदोलित स्वर म्हणूनच ऐकू येतो. पण हलण्याचा वेग शेकड्यांत गेला की कानाला आंदोलन जाणवेनासे होते आणि त्याच्या जागी एक वेगळाच, भरलेला नाद ऐकू येऊ लागतो. मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंना, हलवणाऱ्या लहरीच्या कंपनसंख्येइतक्या अंतराअंतरावर, नवे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरात मिसळून ऐकू येणारे बारीक स्वर, उमटतात. चाउनिंग यांचा यावरचा शोधनिबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला, यामाहाने या तंत्राचे हक्क घेतले, आणि १९८३ सालच्या डीएक्स७ या कीबोर्डने ते जगभर पोहोचवले. ओपीएल२ ही याच घराण्यातली स्वस्त, धाकटी चिप होय.

तानपुऱ्याची जवारी लावताना ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ही कल्पना चटकन उमगावी. घोडीवर तारेखाली सुताचा धागा किंचित पुढेमागे सरकवला की तारेचा स्वर तोच राहतो, पण नाद बंदचा खुला होतो, आणि त्यात दडलेले उपस्वर एकामागून एक वर येऊ लागतात. चिपमध्ये हलवणाऱ्या लहरीला मॉड्युलेटर आणि ऐकू येणाऱ्या लहरीला कॅरियर म्हणतात. मॉड्युलेटरचा जोर शून्य असेल तर कॅरियरचा स्वर अगदी साधा, पोकळ शिटीसारखा येतो. जोर वाढवत नेला की नाद खुलत जातो. या जोराचे चौसष्ट टप्पे आहेत आणि एकेक टप्पा पाऊण डेसिबलचा आहे. दोन्ही लहरी सारख्या कंपनसंख्येच्या असतील तर सगळे पूर्णांकी उपस्वर मिळतात आणि नाद पितळी वाद्यांकडे झुकतो. मॉड्युलेटरची कंपनसंख्या दुप्पट ठेवली तर फक्त विषम उपस्वर उरतात आणि क्लॅरिनेटचा भास होतो. शिवाय दोन्ही लहरींना आपापला चढ-उतार असतो, म्हणजे आघात किती झटकन व्हावा, तो किती ओसरावा, स्वर कुठे स्थिरावा आणि सोडल्यावर किती वेळात विरावा हे स्वतंत्रपणे ठरवता येते. मॉड्युलेटरचा जोर असा काळाबरोबर बदलतो म्हणूनच नाद जिवंत वाटतो. छेडलेली तार सुरुवातीला तेजस्वी आणि नंतर मऊ होत जाते, ते नेमके या मार्गाने साधले जाई.

चिपच्या आतली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. सेकंदाला सुमारे ४९,७१६ वेळा अठराही लहरींचा हिशेब करायचा, तर त्यात गुणाकार भरपूर आले, आणि सिलिकॉनवर गुणाकाराचे मंडल महाग पडते. यामाहाच्या अभियंत्यांनी गुणाकार करायचाच नाही असे ठरवले. लहरीच्या पावभागाचे २५६ आकडे चिपमध्ये लॉगच्या रूपात कोरलेले आहेत. लहर आणि तिचा जोर यांचा गुणाकार करण्याऐवजी त्यांच्या लॉगची नुसती बेरीज होते, आणि २५६ आकड्यांच्या दुसऱ्या कोष्टकातून उत्तर परत साध्या संख्येत येते. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात लॉग टेबल घेऊन आपण जे करत होतो, तेच ही चिप करते.

एक स्वर वाजवायला प्रत्यक्षात काय करावे लागते, ते पाहण्यासारखे आहे. कार्डाला ३८८ आणि ३८९ असे दोन पत्ते असत. पहिल्यावर रजिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या आकडे ठेवण्याच्या कप्प्याचा, क्रमांक पाठवायचा आणि दुसऱ्यावर त्यात भरायची किंमत. पाश्चात्त्य वाद्यमेळ ज्या ४४० हर्ट्झच्या स्वरावर जुळवतात, तो हवा असेल तर चौथ्या सप्तकासाठी चिपला द्यायचा कंपनसंख्येचा आकडा येतो ५८०. सोळाच्या पायावरच्या हेक्साडेसिमल पद्धतीत तो २४४ होतो. त्यातले ४४ हे ए० या रजिस्टरमध्ये जातात, आणि उरलेले २, सप्तकाचा क्रमांक व ‘वाजव’ ही आज्ञा मिळून होणारे ३२ हे बी० मध्ये. हे ३२ पोहोचताक्षणी स्वर सुरू होतो, आणि त्याच जागी १२ लिहिले की स्वर सुटतो. रजिस्टरमध्ये काय लिहिले होते ते परत वाचण्याची सोय चिपमध्ये नाही, त्यामुळे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्याला सगळ्याची एक नक्कल स्वतःजवळ ठेवावी लागे. शिवाय चिप संथ होती. क्रमांक पाठवल्यावर ३.३ आणि किंमत पाठवल्यावर २३ मायक्रोसेकंद थांबणे आवश्यक असे. थांबायचे कसे, तर कार्डाचीच स्थिती एकदा सहा वेळा आणि एकदा पस्तीस वेळा वाचायची, त्यात तेवढा वेळ आपोआप जाई. ज्यांनी ही पद्धत सोडून प्रोसेसरला नुसतेच आकडे मोजायला लावले, त्यांचे प्रोग्राम वेगवान संगणक आल्यावर फसले. आमच्याकडच्या एका खेळाला टर्बोचे बटण दाबून संगणक मंद केल्याशिवाय कार्ड सापडतच नसे. त्याचे कारण हे होते, असे मला वीस वर्षांनी समजले.

नऊ स्वरांची मर्यादा संगीतकारांनी ज्या कसबाने पेलली, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एक स्वर अगदी थोडा चढवून त्याच्याच जोडीला वाजवला की नाद रुंद होतो, पण त्यापायी नवातले दोन खर्ची पडतात. तालवाद्यांचा वेगळा प्रकार निवडला तर सहा स्वर आणि पाच तालवाद्ये मिळतात. लहरीची कंपनसंख्या मूळ स्वराच्या अर्धी पट, मग एक ते दहा पट, त्यानंतर एकदम बारा आणि पंधरा एवढीच ठेवता येते. अकरा, तेरा आणि चौदा नाहीतच. सगळ्या पटी अशा बांधलेल्या असल्यामुळे घंटेचा खरा नाद या चिपमधून निघणे अवघड आहे, कारण घंटेचे उपस्वर पूर्णांकी पटीत नसतात. तबल्याचे मात्र शाईमुळे बऱ्याच अंशी पूर्णांकी पटीत असतात, हे सी. व्ही. रामन यांनी दाखवून दिले होते. तेव्हा ही चिप घंटेपेक्षा तबल्याला जवळची आहे, असे मी म्हणेन.

पुढचा इतिहास वेगाने घडला. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली साउंड ब्लास्टर आणले. त्यात हीच ओपीएल२ होती, शिवाय ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची आणि जॉयस्टिक जोडण्याचीही सोय होती. अ‍ॅडलिब कंपनी १९९२ साली दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षीच्या साउंड ब्लास्टर १६ मध्ये ओपीएल३ आली : अठरा स्वर, आठ आकारांच्या लहरी आणि स्टिरिओ. ज्यांच्याकडे पैसे होते ते रोलँडचे एमटी-३२ हे यंत्र संगणकाला जोडत. त्यात स्वराचा सुरुवातीचा आघात खऱ्या वाद्याच्या नमुन्यातून घेतलेला असे आणि पुढचा भाग यंत्र स्वतः घडवे, कारण वाद्य कोणते हे कान मुख्यत्वे आघातावरूनच ओळखतो. नंतर ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड आणि एडब्ल्यूई३२ यांनी संपूर्ण वाद्यच नमुन्यांतून वाजवायला सुरुवात केली. ही कार्डे ऐकायला अधिक खरी वाटतात हे मान्य आहे. पण त्यांच्यातली बासरी ही कुणीतरी वाजवलेल्या बासरीची छाया असते. ओपीएलचा आवाज कुणाचीच छाया नाही. तो त्या चिपचा स्वतःचा आवाज आहे, आणि नकली बासरी म्हणून त्याला हिणवणे मला अन्यायाचे वाटते.

१९९१ साली जनरल मिडी या नावाने १२८ वाद्यांची प्रमाण यादी ठरली, म्हणजे कोणत्याही कार्डाला अमुक क्रमांक दिला की अमुक वाद्य वाजावे. त्या यादीत १०५व्या क्रमांकावर सतार आणि ११२व्या क्रमांकावर चक्क शहनाई आहे; तबला मात्र नाही. लहानपणी मी मोठ्या उत्साहाने ११२ क्रमांक लावून पाहिला होता आणि निराश झालो होतो. त्या वेळी मी दोष चिपला दिला. वास्तविक चिपला मींड अवघड नव्हती. वर सांगितलेला ५८० हा आकडा ५८१ केला तर स्वर एका श्रुतीच्याही लहानशा अंशाने चढतो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर बारीक पावलांनी घसरत जाण्याइतकी जागा तिथे होती. उणीव होती ती आम्ही तिला पियानोच्या पट्ट्यांप्रमाणे तुटक स्वर धाडत होतो यात.

गेल्या दिवाळीत ते जुने कार्ड पुन्हा संगणकात बसवले आणि डॉस या जुन्या प्रणालीत चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. आईची पट्टी काळी चार. तिचा षड्ज तिसऱ्या सप्तकात ५४७ या आकड्यावर येतो, आणि एक सप्तक खाली आणला की त्याच आकड्याने खरज मिळतो. मंद्र पंचमासाठी ८२० घेतला. आघात झटकन, विरणे अगदी सावकाश, दोन्ही लहरी सारख्या कंपनसंख्येच्या, आणि मॉड्युलेटरचा जोर जवारी लावावी तसा एकेक टप्प्याने वाढवत गेलो. काही टप्प्यांनंतर खरजातून स्वयंभू गंधार ऐकू येऊ लागला. मी तो कुठेही लिहिलेला नव्हता. खरजाचा पाचवा उपस्वर म्हणून तो आपोआप उमटला होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

मग मी त्यावर भूपाचे काही स्वर सोडले. स्वरांचे आकडे पियानोच्या कोष्टकातून घेतले होते. दोन आवर्तने ऐकून ती म्हणाली, “अरे, गंधार चढा लागतोय तुझा.”

कोष्टकातला गंधार ६९० होता. त्याचा वरच्या सप्तकातला गंधार आणि खरजातला स्वयंभू गंधार यांच्यात सेकंदाला जवळपास पाच कंपनांचा फरक पडत होता, आणि तेवढी थरथर तिला दारातून ऐकू आली होती. षड्जाच्या सव्वा पटीचा हिशेब केला आणि ए० रजिस्टरमधले बी२ खोडून तिथे एसी लिहिले, म्हणजे ६९० चे ६८४ केले. थरथर थांबली. आई पाटावर बसली आणि तिने षड्ज लावला.