कपाला पडलेला पोचा

आमच्याकडं सध्या शेतीची लाईट रात्रीची आहे. साडेबाराला थ्री फेज आला की मोटार चालू करायची, गव्हाला पाणी सोडायचं आणि एक वाफा भरेपर्यंत खाटेवर मोबाईल बघत बसायचं. अमळनेर तालुक्यातला कापूसवाला माणूस रग्बीच्या नादी लागला तो या खाटेमुळं.

आणि भाच्यामुळं. तो एडिंबराला असतो. एकदा त्यानं चांदीच्या कपाचा फोटो टाकला, खाली लिहिलं, "मामा, हाऊ कप आपला रुपयास्ना शे." मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच आहे. कलकत्त्यात इंग्रजांचा एक रग्बी क्लब होता, १८७३ सालचा. पुढं सभासद आटले, तेव्हा बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून ते वितळवले आणि हा कप घडवला, कलकत्ता कप. तीन कड्या, तिन्ही नाग. झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळतात.

या कपाच्या मागं जाता जाता मला जॉन जेफ्री सापडला. स्कॉटलंडमधल्या केल्सोचा शेतकरी, स्कॉटलंडकडून खेळायचा. केस इतके पांढरे, की लोक त्याला 'ग्रेट व्हाइट शार्क' म्हणायचे. तेव्हा रग्बी युनियन हौशी खेळ होता, खेळायचे पैसे मिळत नसत, १९९५ पर्यंत. म्हणजे शनिवारी देशासाठी अंग सोलून घ्यायचं आणि परत आपल्या शेतावर. त्याची जागा फ्लँकरची. स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांचे गडी खांद्याला खांदा लावून रेटतात तो घोळका, मोडला की सगळ्यात आधी सुटायचं आणि चेंडूवाल्याला आडवं करायचं. मी कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर खेळायचो, त्यामुळं मला ते लगेच कळलं. पायावर झेप टाकणाऱ्याचं नाव कोण लक्षात ठेवतं? पण यानं ४० कसोट्यांत ११ ट्रायही मारले, म्हणजे ११ वेळा समोरच्याच्या रेषेपार चेंडू टेकवून गुण आणले. कोपऱ्यावरच्या माणसानं चढाईत गुण आणावेत तसं.

१७ मार्च १९९० चा स्कॉटलंड-इंग्लंड सामना मी तीन रात्रींत तुकड्या-तुकड्यानं पाहिला. दोन्ही संघ त्या हंगामात एकही सामना हरलेले नव्हते. एडिंबराच्या मरेफील्ड मैदानावर स्कॉटलंडचा कर्णधार डेव्हिड सोल आपल्या पोरांना पळवत नाही, चालवत आणतो. सावकाश, मयतीला निघाल्यासारखं. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला स्क्रमच्या बुडातून चेंडू उचलतो तो जेफ्री. ती जागा त्याची नव्हे, पण डेरेक व्हाइट जखमी होऊन बाहेर गेलेला. जेफ्रीकडून आर्मस्ट्राँग, तिथून गॅव्हिन हेस्टिंग्जची लाथ, आणि स्टँगर झेपावतो. स्कॉटलंड १३-७ नं जिंकलं. ग्रँड स्लॅम, म्हणजे त्या स्पर्धेतले सगळेच सामने जिंकले. त्या नादात माझा एक वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं. सकाळी काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

पण माझा जीव अडकलाय त्याआधीच्या गोष्टीत. १९८८ ला इंग्लंडनं ९-६ नं तोच कप जिंकला. रात्री जेवणं झाल्यावर जेफ्री आणि इंग्लंडचा डीन रिचर्ड्स कप घेऊन बाहेर पडले आणि प्रिन्सेस स्ट्रीटवर त्यालाच चेंडू करून लाथाडत सुटले. कप चेपला. जेफ्रीला त्याच्या संघटनेनं कित्येक महिने बाहेर बसवलं. रिचर्ड्स एका सामन्यावर सुटला.

मला हे वाचून हसू आलं नाही. आम्हीही तालुक्याची ढाल जिंकून ट्रॅक्टरवर नाचत आलो होतो. ढाल माझ्या हातातून निसटली आणि ट्रॉलीच्या चाकाखाली गेली. मी एक हंगाम घरी. नाचायचं सोडून ट्रॅक्टर हाकणाऱ्याला ब्रेक आठवला नाही, पण तो सरपंचांचा भाचा. तेव्हापासून मैदानाकडंच फिरकलो नाही.

जेफ्री मात्र फिरकला. दोन वर्षांत तो ग्रँड स्लॅम, १९९१ ला विश्वचषकाची उपांत्य फेरी. तीही इंग्लंडविरुद्ध, तीही ९-६ नंच गेली. मग न्यूझीलंडशी तिसऱ्या जागेचा सामना, तोही हरला, आणि तिथं थांबला. पुढं ज्या संघटनेनं बाहेर बसवलं तिचाच अध्यक्ष झाला.

भाच्याला विचारलं, पोचा अजून दिसतो का रे? म्हणाला, नाही मामा, नीट केलाय. आमची ढाल अजून तशीच आहे, शाळेच्या कपाटात, चेपलेली बाजू भिंतीकडं करून. लाईट गेली. मोटार बंद करून येतो.