तोंड बघितल्याशिवाय कडियाळं देत नाही

वडिलांनी अलिबागेत बैलांच्या म्होरक्या (तोंडाभोवतीचे पट्टे) आणि टांग्याचे पट्टे शिवण्यापासून सुरुवात केली. माझ्या हाती दुकान आलं तेव्हा मोठं काम मुंबईच्या व्हिक्टोरियावाल्यांचं, म्हणजे घोडागाडीवाल्यांचं. २०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि ते संपलं. मग किनाऱ्यावरच्या सवारीच्या घोड्यांवर तगलो, त्यांचे लगाम आणि कडियाळी (लगामाची घोड्याच्या तोंडात बसणारी धातूची कांब) विकून.

खरा फटका २०२०चा. लॉकडाऊनमध्ये किनारे ओस, घोडे दावणीला. ३ जूनला निसर्ग वादळाने छपराचे पत्रे शेजारच्या वाडीत नेऊन टाकले. भिजलेल्या चामड्याच्या वाद्या घाईने उन्हात टाकल्या, त्यांच्या काठ्या झाल्या. (भिजलेलं चामडं सावलीत वाळवावं, अर्धं ओलं असतानाच तेल द्यावं. मला माहीत होतं, तरी चुकलो.) रापी, आऱ्या (चामडं कापायची नि टोचायची हत्यारं) गंजल्या. आणि ज्याला मी आरी धरायला शिकवली तो त्याच पावसाळ्यात वेगळा झाला, माझी गिऱ्हाइकांची वही पाठ करून. नाव घेत नाही, त्याच्या पाटीची फुकट जाहिरात कशाला?

त्याचा माल स्वस्त, हे मान्य. पण कडियाळं लोखंडाचं, वर निकेलचा मुलामा. खाऱ्या हवेत तो सुटतो आणि त्याची धार घोड्याच्या ओठाला लागते. मी स्टेनलेस स्टीलच ठेवतो. शिवाय तो मागितलं की काटेरी कडियाळंही काढून देतो. काट्यांच्या कडियाळ्याला १९६५च्या नियमांपासून बंदी आहे, त्याला कोण सांगणार!

नागावचे एक घोडेवाले, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, तेही तिकडे गेले. दीड महिन्याने परत आले, सोबत तीन वर्षांची काठेवाडी घोडी.

"शेट, पोरगी तोंडाला हात लावू देत नाय. लगाम ओढला की डोकं आभाळात."

"मामा, आधी तोंड दाखवा."

ओठांचे कोपरे सोललेले. वरच्या दाढेच्या पुढे बारीकसा वुल्फ टूथ (काही घोड्यांना येणारा बिनकामाचा छोटा दात), कडियाळं नेमकं त्यावर आपटत होतं. पशुवैद्याकडून तो काढून घेतला, जखम भरेपर्यंत नुसती म्होरकी. मग सुतळीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप घेतलं, पावणेपाच इंच. दिलं पाच इंची, दोन सांध्यांचं, मधे वालाच्या दाण्यासारखा गुळगुळीत तुकडा. एका सांध्याचं ओढलं की मधे दुमडतं, जीभ चिमटते, काहींच्या टाळूलाही लागतं.

आता विषय निघालाच आहे तर. अडीच ते साडेचार वर्षांत घोड्याचे दुधाचे दात पडतात, तेव्हा तोंड आधीच दुखरं असतं. त्या वयात लांब दांड्याचं कडियाळं घालू नका, घोड्याला अजून साधी ओढच कळलेली नसते. आणि जाड कडियाळं म्हणजे मऊ, हे डोक्यातून काढा. लहान तोंडात मोठी जीभ असली की जाड कांबीला जागाच उरत नाही. गालावरचा पट्टा आवळताना ओठाच्या कोपऱ्याला एखादी सुरकुती पडली की थांबा.

मामांनी तेव्हा पैसे दिले नाहीत, मी मागितलेही नाहीत. दिवाळीच्या गर्दीनंतर आले, सगळे मोजले आणि गल्ल्यावर तिकडून घेतलेलं काटेरी कडियाळं ठेवलं. "हे तुझ्याकडं राहू दे."

दारामागच्या खिळ्याला टांगलंय. नवं गिऱ्हाईक आलं की बऱ्याचदा आधी त्याचीच किंमत विचारतं.